पीपीई घालून शस्त्रक्रिया: सोसण्यापेक्षा आखणी महत्त्वाची

९ मार्च २०२० रोजी पुण्यात महाराष्ट्रातले पहिले करोनाबाधित सापडले आणि पुढच्या काही आठवड्यांत राज्यातल्या सर्जन मंडळींचा ओटीतला वेश बदलून गेला. सुती स्क्रबवर अंगभर सूट, सूटवर निर्जंतुक गाऊन, तोंडाला एन-९५, डोळ्यांना गॉगल, त्यापुढे फेस शील्ड आणि हातात हातमोजांचे दोन, कधी तीन जोड. अपेंडिक्स फुटलेला रुग्ण साथ ओसरायची वाट बघू शकत नव्हता, अडलेली बाळंतीण तर नाहीच नाही. २०२१च्या मे महिन्यात म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढले तेव्हा कान-नाक-घसा तज्ज्ञांनी याच वेशात दुर्बिणीतून कुजलेले सायनस साफ केले. त्या शस्त्रक्रिया तासन्‌तास चालायच्या.

या सगळ्यांनी जे सोसलं त्याचं कौतुक झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण पुढच्या साथीची तयारी नुसत्या कौतुकावर होणार नाही. घशाला कोरड पडलेला, डोकं ठणकणारा, गॉगलमधून धूसर बघणारा सर्जन टाका घालतो तेव्हा धोका त्याच्या एकट्याचा नसतो, टेबलावरच्या रुग्णाचाही असतो. शिवाय असा थकलेला माणूस शेवटी किट उतरवताना चुकतो आणि संसर्ग घरी नेतो. म्हणून पीपीईचा ताण सहनशक्तीवर सोडू नये. केसच्या आधी रक्ताची सोय बघतो, भुलेची आखणी करतो, तशी या ताणाचीही आखणी करावी. ती कशी करायची, हे सर्जन, भूलतज्ज्ञ, स्क्रब सिस्टर, रेसिडेंट आणि ओटीतल्या मामा-मावशी अशा सगळ्यांना उपयोगी पडेल अशा बेताने पुढे लिहिलं आहे. करोना मागे पडला असला तरी क्षयरोग, फ्लू आणि निपाह आहेतच. तेव्हा या गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या.

आधी थर मोजा

सर्वांत मोठी चूक घालतानाच होते. भीतीपोटी आपण एकावर एक थर चढवत जातो. प्रत्येक वाढीव थराने संरक्षण वाढतंच असं नाही, उष्णता मात्र नक्की वाढते. जागतिक आरोग्य संघटनेने करोनासाठी अंगभर सूटचा आग्रह धरलेला नव्हता. पाणी-रक्त आत न झिरपणारा लांब बाह्यांचा गाऊन, योग्य मास्क, डोळ्यांचं संरक्षण आणि हातमोजे, हा त्यांचा पाया होता. सर्जन तर तसाही वरून निर्जंतुक गाऊन घालतोच. तो गाऊन द्रवरोधक असेल, मानेपर्यंत झाकणारी टोपी आणि शील्ड असेल, तर अनेक केसमध्ये आतला सूट वगळण्याचा विचार करता येतो. हा निर्णय एकट्याने, ऐनवेळी घेऊ नका. रुग्णालयाच्या संसर्ग नियंत्रण समितीबरोबर बसून आधीच तक्ता करा: कोणता आजार, कोणती शस्त्रक्रिया, तुषार किती उडणार, रक्त किती उडणार आणि त्यानुसार कोणते थर. श्वासनलिकेला छेद देणं, कानामागचं हाड ड्रिलने कोरणं किंवा सायनसमध्ये यंत्राने खरवडणं या शस्त्रक्रिया एका टोकाला. फक्त हात बधिर करून केलेली हाताच्या हाडाची शस्त्रक्रिया दुसऱ्या टोकाला.

सूट घालायचाच असेल तर त्याचा ताण किती, हे समजून घ्या. घाम सुकला तरच शरीर थंड होतं. प्लास्टिकचा थर दिलेल्या कापडातून घामाची वाफ बाहेर पडत नाही. कामगारांवरच्या उष्णतेचा ताण मोजताना कपड्यांपोटी वाढीव अंश धरण्याची पद्धत आहे. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या एसीजीआयएच या संस्थेच्या नियमांत साध्या कामाच्या कपड्यांसाठी शून्य, दुहेरी विणलेल्या कपड्यांसाठी ३ आणि वाफ अडवणाऱ्या सूटसाठी तब्बल ११ अंश सेल्सिअस वाढवून धरतात. म्हणजे खोलीचा तापमापक काहीही सांगो, सूटमधल्या माणसासाठी ती खोली चिपळूणच्या मे महिन्यातली दुपार असू शकते.

सूटमधला वेळ कमी करा

सूटमधला वेळ आणि शस्त्रक्रियेचा वेळ एक नसतो. दोन्ही घड्याळं वेगळी लावून बघा. रुग्ण वॉर्डातून यायला उशीर, टेबलावर घ्यायला उशीर, भूल देऊन नळी घालणं, त्यानंतर हवा स्वच्छ होईपर्यंत थांबणं. या सगळ्या वेळात सर्जन किट चढवून कोपऱ्यात उभा असेल तर पहिला छेद घेण्याआधीच त्याची अर्धी ताकद घामावाटे गेलेली असते.

नळी घातल्यावर किती थांबायचं, हे थिएटरची हवा तासाला किती वेळा बदलते यावर ठरतं. तासाला २० वेळा बदलत असेल तर हवेतले ९९ टक्के कण सुमारे १४ मिनिटांत निघून जातात. १२ वेळा बदलत असेल तर २३ मिनिटं लागतात आणि ६ वेळाच बदलत असेल तर ४६ मिनिटं. आपल्या थिएटरचा आकडा बायोमेडिकल किंवा देखभाल विभागाकडून लेखी घ्या आणि दारावर चिकटवा. तेवढा वेळ सर्जन आणि सहायकांनी बाहेर, साध्या स्क्रबमध्ये, पंख्याखाली बसावं. किट घालायला किती मिनिटं लागतात ते आधी मोजलेलं असावं आणि आतून निरोप आला की घालायला सुरुवात करावी. याला अपवाद एकच: श्वासमार्ग अवघड असेल आणि गळ्याला छेद देण्याची वेळ येऊ शकत असेल, तर सर्जन पहिल्यापासून किट घालून जवळच हवा.

किट कोणी किती वाजता घातलं, हे फळ्यावर लिहा. पश्चिम आफ्रिकेत २०१४च्या इबोला साथीत ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ची माणसं सूट घालून सुमारे तासभरच आत राहत, कारण त्या उकाड्यात त्यापुढे लक्ष टिकत नसे. वातानुकूलित थिएटरमध्ये जास्त वेळ काढता येतो, पण हवा तेवढा वेळ नाही. माझा आग्रह असा, की दीड तास झाला की फिरत्या सिस्टरने प्रत्येकाला नाव घेऊन ‘कसं वाटतंय?’ विचारावं आणि तीन तासांच्या पुढे जाणाऱ्या केसला दुसरी जोडी आधीच नेमलेली असावी. केस कुठल्या टप्प्यावर एकाकडून दुसऱ्याकडे सोपवायची, हेही आधी ठरवा. रक्तस्राव थांबवल्यावर, जोडकाम सुरू करण्याआधी, असा स्वच्छ टप्पा निवडा.

पाणी, मीठ आणि पोट

किट घातल्यावर पाणी पिता येत नाही, म्हणून आधी प्यायचं. बरेच जण नेमकं उलट करतात. लघवीला लागेल म्हणून सकाळपासून पाणीच तोडतात. हा सर्वांत घातक बेत. शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के पाणी कमी झालं की लक्ष आणि निर्णयशक्ती ढासळू लागते. ७० किलोच्या माणसात हे जेमतेम दीड लिटर होतं आणि भर उष्णतेत ताशी लिटरभर घाम जाऊ शकतो.

रात्रीपासून पाणी नेहमीसारखं प्या. किट घालण्याच्या तास-दीड तास आधी अर्धा लिटर पाणी थोडं थोडं करून घ्या, म्हणजे जादा असेल ते लघवीवाटे निघून जायला वेळ मिळतो. घालण्याच्या दहा मिनिटं आधी शेवटचं स्वच्छतागृह. सकाळच्या चहा-कॉफीची सवय असेल तर ती त्या दिवशी मोडू नका. चहा चुकल्यानेही डोकं धरतं. पोट रिकामं नको आणि तट्ट भरलेलंही नको. पोहे, भाकरी, ताक-भात असं हलकं खा. बाहेर आल्यावर फक्त पाणी ढोसू नका. ओआरएसचं पाकीट सांगितल्याप्रमाणे पूर्ण लिटरभर पाण्यात मिसळून प्या, किंवा मीठ घातलेलं ताक, लिंबू सरबत घ्या. मिठाच्या गोळ्या खाऊ नका. लघवी गडद पिवळी असेल तर पुढची केस घेण्याआधी आणखी प्या.

काही औषधांनी उष्णता सोसण्याची शक्ती घटते: रक्तदाबासाठीची लघवी वाढवणारी औषधं, बीटा-ब्लॉकर, काही अॅलर्जीच्या गोळ्या. ती चालू असतील तर स्वतःच्या डॉक्टरशी बोला. ती परस्पर बंद करू नका. गरोदर सहकारी, नुकता ताप येऊन गेलेले, रात्रभर जागलेले यांना लांब केस देऊ नये. नव्याने रुजू झालेल्या रेसिडेंटला पहिल्याच दिवशी पाच तासांच्या केसला उभं करू नका. शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, म्हणून छोट्या केसपासून वेळ वाढवत न्या.

धोक्याच्या खुणा सगळ्यांना पाठ हव्यात: गरगरणं, मळमळ, उकाड्यातही अंगावर काटा येणं, बोलण्यात गोंधळ, नेहमीचं हत्यार मागताना नाव न आठवणं. यातलं काहीही दिसलं तर त्या माणसाला बाहेर काढायचं. हे सांगण्याचा अधिकार मामांनाही असला पाहिजे, आणि प्रोफेसरांनी त्यांचं ऐकलं पाहिजे.

मास्क, त्वचा आणि डोकेदुखी

एन-९५ चेहऱ्याला नीट बसला नाही तर त्याच्या कापडाच्या गुणवत्तेला अर्थ उरत नाही. वेगवेगळ्या बनावटीचे, वेगवेगळ्या मापांचे मास्क साथ नसतानाच घालून बघा. कडवट किंवा गोड फवाऱ्याने केलेल्या फिट टेस्टमध्ये जो पास होईल त्याचं नाव आणि माप आपल्या ओळखपत्रामागे लिहून ठेवा. दाढी मास्कच्या कडेखाली येत असेल तर हवा गळणारच. वरचा पट्टा डोक्याच्या मागच्या उंचवट्यावर, खालचा मानेवर कानांखाली, आणि दोन्ही एकमेकांवरून जाऊ द्यायचे नाहीत. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबत बसवा. मग दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोराने श्वास सोडा. नाकाच्या बाजूने वारा लागला तर पुन्हा बसवा. श्वास सोडायचा व्हॉल्व्ह असलेला मास्क थिएटरमध्ये नकोच. त्यातून तुमचा न गाळलेला उच्छ्वास उघड्या जखमेवर जातो.

मास्क करकचून बांधला म्हणजे सुरक्षित, हा गैरसमज आहे. नाकाचं हाड आणि गालांची हाडं इथे तासन्‌तास दाब राहिला की वळ उठतात, मग कातडी सोलवटते. सिंगापूरमध्ये २०२०च्या एका पाहणीत १५८ आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी ८१ टक्क्यांना पीपीईमुळे नव्याने डोकेदुखी सुरू झाल्याचं आढळलं. दिवसात चार तासांहून अधिक वेळ मास्क आणि गॉगल दोन्ही घालणाऱ्यांना आणि आधीच डोकेदुखीचा त्रास असलेल्यांना ती जास्त होती. म्हणून अर्धशिशी असलेल्यांनी आपलं औषध जवळ ठेवावं आणि यादीत लांब केस सलग घेऊ नयेत. गॉगलचा पट्टा आणि मास्कचा पट्टा डोक्याच्या एकाच रेषेवर बसू देऊ नका.

त्वचेसाठी किट घालण्याच्या किमान अर्धा तास आधी हलकं मॉइश्चरायझर लावून मुरू द्या. व्हॅसलीनसारखं तेलकट काही मास्कच्या कडेखाली लावू नका, त्याने मास्क सरकतो. नाकावर पातळ सिलिकॉन टेप किंवा हायड्रोकोलॉइड पट्टी लावायची असेल तर ती लावून पुन्हा श्वास सोडून तपासा, कारण पट्टीच्या कडेने हवा गळू शकते. बाहेर आल्यावर चेहरा साध्या पाण्याने धुऊन टिपून घ्या. चोळू नका.

दिसणं

चष्म्यावर किंवा गॉगलवर वाफ धरली की आधी मास्क तपासा. नाकाच्या कडेने ऊन श्वास वर येत असेल तर ती वाफ तुम्हाला मास्क गळतोय हे सांगते आहे. मास्क घट्ट बसूनही वाफ धरत असेल तर ती घामाची. तेव्हा उपाय सोपा आहे. काचेच्या आतल्या बाजूला साबणाच्या पाण्याचं बोट फिरवा, झटका आणि न पुसता हवेत सुकू द्या. साबणाच्या पातळ थरामुळे पाणी बारीक थेंबांत न साचता पसरतं आणि काच स्वच्छ राहते. डोळ्यांना झोंबणार नाही एवढाच साबण वापरा. कपाळाला शोषणारी पट्टी बांधा, म्हणजे भुवयांवरून घाम डोळ्यात उतरणार नाही.

लूप आणि हेडलाइट वापरणाऱ्यांनी रंगीत तालीम केल्याशिवाय केस घेऊ नये. लूपवर गॉगल बसत नाही, शील्डवर हेडलाइटचा उजेड परावर्तित होतो, मायक्रोस्कोपला डोळे टेकवताना शील्ड आडवी येते. प्रत्येकाने आपली जोडणी रिकाम्या थिएटरमध्ये, त्याच दिव्यांखाली बघावी. आणि मध्येच काही दिसेनासं झालं तर नियम एकच: हत्यार सिस्टरच्या हाती, हात छातीपाशी आणि मोठ्याने ‘दिसत नाही, थांबतोय’. मान तिरकी करून थेंब ओघळायची वाट बघत क्लॅम्प लावू नये.

ऐकू येणं आणि हाताला जाणवणं

मास्क, शील्ड, टोपी आणि सक्शनचा आवाज यांतून शब्द अर्धेच पोहोचतात. म्हणून वाक्यं तोडा आणि नाव घेऊन बोला. ‘सिस्टर, टू-झिरो सिल्क’ असं सर्जनने म्हटलं की सिस्टरने ‘टू-झिरो सिल्क देते’ असं उलट म्हणावं. स्वॅब आणि सुयांची मोजणी दोघांनी मोठ्याने करावी आणि फळ्यावरही लिहावी. छातीवर आणि पाठीवर मार्करने ठळक अक्षरांत नाव आणि काम लिहावं. एरवी हाक कोणाला मारली हेच कळत नाही. सक्शन, क्लॅम्प, थांबा, रक्त येतंय, एवढ्यासाठी हाताच्या खुणा ठरवा. बाहेरच्या माणसाशी बोलायला वॉकी-टॉकी किंवा स्पीकरवर ठेवलेला, प्लास्टिकने झाकलेला फोन असू द्या.

हातमोजांचा तिसरा जोड शक्यतो टाळा. बोटांचा स्पर्श बोथट झाला की गाठ नीट बसली की नाही हे कळत नाही आणि सुई टोचण्याची शक्यता वाढते. दोन जोडांत आतला रंगीत घेतला तर भोक पडलेलं चटकन दिसतं. आतला अर्धा नंबर मोठा घेऊन बघा. काहींच्या बोटांना त्याने आराम पडतो. नाजूक जोडकामाची गती कमी होणार हे गृहीत धरा, तेवढा वेळ यादीत वाढवा आणि दिवसाच्या केस कमी ठेवा.

स्त्री सहकाऱ्यांसाठी

बहुतेक सूट उंच पुरुषांच्या मापाचे असतात. बाह्या लोंबतात, पायात कापड येतं, चेहऱ्यावर मास्क मोठा होतो. लहान मापं मागवणं ही खरेदी विभागाची जबाबदारी आहे आणि ती लेखी मागा. पाळीच्या दिवसांत लांब केसच्या वेळी मेन्स्ट्रुअल कप किंवा जास्त शोषणारे पॅड सोयीचे पडतात, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे कारण न विचारता ड्युटी बदलून मिळाली पाहिजे. किट उतरवायला लागू नये म्हणून गोळ्या घेऊन पाळी पुढे ढकलण्याची किंवा डायपर घालून सहा-सहा तास उभं राहण्याची वेळ कोणावर येत असेल, तर तो दोष ड्युटीच्या तक्त्याचा आहे. डोक्याचे केस मानेजवळ खाली बांधा, म्हणजे मास्कचा वरचा पट्टा सरकत नाही. मंगळसूत्र आणि कानातलं घरीच ठेवा.

उतरवण्याची शेवटची दहा मिनिटं

सर्वाधिक काळजी इथे. टाके घालून झाले, तहान लागली आहे, डोकं दुखतंय आणि हात आपोआप मास्ककडे जातो. म्हणून उतरवण्याआधी मिनिटभर नुसते उभे राहा. समोर आरसा असावा आणि त्या केसमध्ये नसलेला, ताजातवाना माणूस एकेक पायरी वाचून दाखवत असावा. बाहेरचे हातमोजे, मग गाऊन किंवा सूट आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत, मग शील्ड आणि गॉगल मागच्या पट्ट्याला धरून. मास्क सर्वांत शेवटी, त्या खोलीबाहेर आल्यावर, पट्ट्यांना धरून. प्रत्येक पायरीनंतर हात स्वच्छ करा. वाचणाऱ्याने पुढची पायरी म्हटल्याशिवाय हात हलवायचा नाही. पाण्याची बाटली डोळ्यांसमोर ठेवू नका. ती पुढच्या खोलीत असू द्या, म्हणजे घाई होणार नाही.

रुग्णालयाने काय करावं

२०२०मध्ये हवा फिरून संसर्ग पसरेल या भीतीने अनेक ठिकाणी वातानुकूलन बंद ठेवलं गेलं आणि आतली माणसं भाजून निघाली. पुढच्या वेळी एक तरी थिएटर असं तयार ठेवा जिथली हवा इतर खोल्यांत जात नाही आणि तरीही थंडावा राहतो. तपमान आणि आर्द्रता मोजणारं यंत्र भिंतीवर लावा. सूटची शिवण टेपबंद आहे का आणि रक्तरोधक चाचणीचा दाखला आहे का हे बघा, पण सर्जनना तो तासभर घालायला देऊन त्यांचं मतही नोंदवा. नव्या सोयींची चाचणी घ्या. कमरेला बांधून सूटमध्ये गाळलेली हवा सोडणारा ‘कोव्ह-टेक’ हा पट्टा मुंबईच्या के. जे. सोमय्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याने याच साथीत बनवला होता. मात्र निर्जंतुक भागाजवळ हवेचा झोत येणारं कुठलंही साधन संसर्ग नियंत्रण समितीने तपासल्याशिवाय वापरू नका. किट घालण्याच्या खोलीशेजारी पाणी, ओआरएस, खुर्च्या, पंखा आणि स्वच्छतागृह असलेली विश्रांतीची खोली हवी.

हे सगळं कागदावर सोपं वाटतं, म्हणून दर सहा महिन्यांनी तालीम करा, आणि त्यातली एक मे महिन्यात. पूर्ण किट चढवून तासभर उभे राहा, सुटे टाके घाला, एकमेकांना हत्यारं मागा, शेवटी नियमाने उतरवा. कुणाचा मास्क टोचला, कुणाला ऐकू आलं नाही, कुणाचा सूट काखेत फाटला, ते त्याच दिवशी लिहून खरेदी विभागाकडे आणि अधीक्षकांकडे द्या, आणि पुढच्या तालमीच्या सुरुवातीला त्यातलं काय दुरुस्त झालं ते सगळ्यांसमोर विचारा.